तीनाच्या जागी चार

या गाडीत इंजिन सीटखाली असतं.
अकरा वर्षं मी त्यावर बसले,
पौषात ऊब, वैशाखात चटका,
आणि ओढणीला पेट्रोलचा वास
जो रविवारीही जात नाही.

ते गेलं एका मंगळवारी,
परदेशीपुऱ्याच्या चौकात, चौदा मुलं आत.
आधी पांढरा धूर,
मग एक आचका, मग काही नाही.
मुलं उतरली आणि
दप्तरं डोक्यावर घेऊन चालत सुटली,
जणू मी सुट्टीच दिली.

लियाकत मिस्त्रींनी डिपस्टिक काढली.
ऑइल दुधाळ, चहासारखं.
वास घेतला, आणि जुन्या वैद्यासारखे
काही न बोलता हात धुवायला गेले.
परत येऊन म्हणाले,
“तीन बार बोर करवा चुके, दीदी.
अब काटने को लोहा ही नहीं बचा.”

देवास नाक्याच्या भंगारात एक सापडलं,
चार सिलिंडरचं,
मागून ठोकलेल्या मोटारीतलं.
मोटार कुणाची, मी विचारलं.
भंगारवाला काट्याकडे बघत राहिला.
मिस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं
आणि मान डोलावली, एवढंच.

तीनाच्या जागी चार बसवायचे
तर जागा आणायची कुठून?
पत्रा कापला. जुने माउंटिंग उडवले,
नवे वेल्ड केले, पुन्हा उडवले.
पंखा रेडिएटरला घासायचा.
कैफ नावाचा पोरगा दिवसभर
वायरींना रंगीत चिंध्या बांधत बसायचा,
कुठली कशाची ते त्याला एकट्यालाच ठाऊक.
शेवटी सीटचा डबा दोन बोटं उचलावा लागला.
तेव्हापासून मी दोन बोटं उंच आहे.
आरशात आधी मुलांची तोंडं दिसायची,
आता भांग दिसतात.

आरटीओत पेन्सिल घासून
कागदावर नवा नंबर उमटवला.
कारकुनाने विचारलं, चासी?
तीच.
रंग?
तोच.
मालक? वापर?
मी. शाळा.
“तो फिर बदला क्या,” म्हणाला,
आणि स्वतःच हसला.
जुनं इंजिन लोहामंडीत किलोवर गेलं.
पावती माझ्या पर्समध्ये आहे,
का ठेवली, माहीत नाही.

पहिल्या सोमवारी
एकाही फाटकाशी कुणी नव्हतं.
जुनं तीन ठोके टाकत यायचं,
त्यातला एक किंचित लंगडा.
पाण्याच्या टाकीच्या वळणावर तो ऐकू आला
की देवळेकरांकडे डब्याचं झाकण लागायचं,
अन्वीची दुसरी वेणी सुरू व्हायची,
ईशानचे बाबा पलंगाखाली वाकून
हरवलेला बूट शोधायला लागायचे.
आता मी दारात, आणि आत कुणाला पत्ता नाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदा हॉर्न दाबला.
वाजला नाही.
कैफची एक चिंधी राहिली होती कुठेतरी.
मग उतरले, आणि भाजीवालीसारखी
एकेकाच्या नावाने हाका मारत फिरले.

भंडारी मिलचा पूल.
जुनी गाडी इथे दुसऱ्यात यायची, मग पहिल्यात,
आणि सगळी मुलं पुढे झुकायची,
ओठ मिटून, दप्तरं पोटाशी धरून,
गाडीला तेवढीच मदत.
मी कधी सांगितलं नव्हतं.
मोठ्यांनी धाकट्यांना शिकवलं असावं.

त्या सोमवारी ती तिसऱ्यात चढली,
सरळ, गरम दुधावर साय चढावी तशी,
अर्धा पूल झाला तरी आवाज तोच.
मी आरशात पाहिलं.
चौदा भांग
पुढे आलेले.

मी पाय जरा सैल केला.