खिसा नसलेली जागा

औलू शहरात ईरोने छापून घेतली
दोनशे कार्डं.
जुन्या टायरचे तळवे, बुटाखाली बांधायचे,
बर्फावर न घसरणारे.
नावाखाली 'संस्थापक'.
संस्था म्हणजे एकटा जीव सदाशिव.

पहिल्या क्लबात सगळेच विकायला आलेले,
घ्यायला कुणी नाही.
दुसऱ्यात छातीवर नावाची चिकटपट्टी,
आणि समोरच्याची नजर
याच्या खांद्यावरून पलीकडे
आणखी मोठं कुणी शोधत.
तिसऱ्याची वर्गणी ऐकली
आणि अर्धी कॉफी टाकून उठला.

मग शेजारी घेऊन गेला नदीवर.
गोठलेल्या पात्रात करवतीने कापलेला चौकोन,
काळं पाणी.
काठावर लाकडी सौना,
आत सात-आठ माणसं घामाघूम.
कुणाच्या अंगावर हुद्दा नाही.
कार्ड ठेवायला खिसा नाही.

"काय करतोस रे?"
तापल्या दगडांवर पाणी ओतत ताइमीबाईंनी विचारलं.
पाठ केलेलं अर्ध्या मिनिटाचं भाषण
म्हणजे तोंडची वाफ;
ती त्या वाफेत मिसळून गेली.
"माणसं पडू नयेत म्हणून... काहीतरी."

बाई हसल्या नाहीत.
मनगट पुढे केलं. गेल्या मार्चची शिवण.
"माझ्या मापाचे आहेत? छत्तीस."
नव्हते.
छत्तीस तो करतच नव्हता.

बाई पाण्यात उतरल्या, मागोमाग तोही.
दात वाजत होते,
काठावरून कुणीतरी विचारत होतं, जोडी केवढ्याला?
आणि दोनशे कार्डांच्या मालकाला
आकडा आठवेना.