उलटं मीठ

पतपेढीने भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून
दोन लोहचुंबक मिळाले, चंद्रकोरीसारखे वाकडे.
चिमट्यात धरून स्टोव्हवर तापवले,
तेव्हा साधी टाचणी धरणंही विसरून गेले.

मग बॅटरीचं आम्ल, पाण्यात पातळ केलेलं,
पडवीची दारं सताड उघडी, बाबा अंगणात खोकत.
बुडबुडे दोन दिवस थांबेनात.
उरलं ते हिरवट पाणी, टाकून दिलेल्या विहिरीचं असतं तसं,
आणि मंद आचेवर ठेवल्यावर
त्या हिरव्याच्या तळाशी बसला
गुलाबी गाळ.

निओडायमियम, मी म्हटलं.
‘नाव लांबडां गो. वजन कितक्या?’
चहाच्या दोन चमच्यांत मावेल एवढं.
शिरोड्याच्या आगरात बाबांनी चाळीस वर्षं
टोपलीने मीठ मोजलेलं.

त्यांचं मीठ उन्हात पिकतं, पाणी उडून गेलं की.
हे मीठ उलट्या डोक्याचं.
गारव्यात विरघळतं, ऊब लागली की पाणी सोडून बाहेर येतं.
म्हणून वेंगुर्ल्याच्या जेटीवरून मासळीचा बर्फ आणला
(बरणीला अजून बांगड्याचा वास आहे),
धुतलेला गाळ गार पाण्यात जिरवला,
तंगुसाला एक कण बांधून आत सोडला
आणि बरणी उन्हात.

संध्याकाळी तांदळाच्या कणीएवढा.
पहाटे बघते तर नुसतं तंगूस.
पौषातल्या रात्रीने खाल्ला.
तीनदा असंच.

चौथ्या रात्री बाबांनी काही न बोलता
कोंबडीच्या रवणीची टोपली आणली.
खाली भाताचं तूस, वर चाळीसचा पिवळा बल्ब,
मधोमध बरणी.
मी घडीघडी फडकं उचलायला लागले तशी ओरडले,
‘हात लाव नको. रवांदे.’

एकविसाव्या दिवशी बाहेर काढला.
करंगळीच्या नखाएवढा, कडा धारदार,
रंग कोकमाच्या सरबतात पुन्हापुन्हा पाणी घातल्यासारखा.
घरात ट्यूबलाइटखाली नेला
आणि गुलाबी गेलाच. फिका, निळसर, परका.
मी गप्प.
बाबा तसेच तो घेऊन अंगणात गेले,
उन्हात तळवा उघडला.
आला परत.

मग सवयीने
अंगठा त्यावरून फिरवून जिभेकडे नेला.
मी मनगट धरलं.
मिठाने चिरलेलं ते मनगट, माझ्या मुठीत न मावणारं.

‘चाखूचा नाय, तर खारट की गोड
कळतला कसां?’

मला सांगता आलं नाही.