येऊ द्या, येऊ द्या

खानापूरच्या पुढे, पानशेत रस्त्याला,
पायगुड्यांनी भाताची दोन खाचरं सपाट करून
फक्कीने चौकोन आखलेत. अकरा.
प्रत्येकाला एक नळ, एक पंधरा अँपियरचा प्लग
आणि एक पेरूचं झाड,
शेळ्यांच्या कृपेने अजून कमरेएवढंच.

दिवाळीचे कंदील उतरले की आम्ही यायला लागतो.
ग्वाल्हेरहून, डेहराडूनहून, दिल्लीच्या धुरातून,
तेलंग तर थेट पालमपूरहून.
गाड्यांच्या पोटात पलंग, शेगडी,
गोळ्यांचे डबे, सोमवार ते रविवार,
आणि एका गाडीत, खोटं नाही, देवघर.
घाट लागला की देवांना ओढणीने बांधायचं.

पुण्यातले नातेवाईक म्हणतात, अहो, आमचा फ्लॅट रिकामाच आहे की!
आम्ही म्हणतो, येऊ एकदा जेवायला.

सकाळी आठपर्यंत कोणी दार उघडत नाही.
मग उन्हात सतरंज्या.
मग पाण्याच्या पाइपवरून
भांबळसाहेब आणि तेलंग यांचं रोजचं बोलणं;
त्याला भांडण म्हटलं तर दोघंही रागावतात.
हमीदाबी मुजावर पावटे सोलतात,
त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करतात,
बिघडलेला नसला तरी.
संध्याकाळी रमी, दहा पैसे पॉइंट,
हिशेब एका वहीत,
आणि मार्चमध्ये ती वही कोणालाच सापडत नाही.

यंदा पाच नंबरचा चौकोन
डिसेंबर लागला तरी रिकामा होता.
कुणी काही विचारलं नाही. आमच्या वयात
उशीर का झाला, हे विचारायचं नसतं.
पायगुडे मात्र फक्की पुसट झाली की
पुन्हा ओढत होते.

बारा तारखेला, दिवेलागणीला,
फाटकाशी ती निळी गाडी उभी राहिली.
ड्रायव्हरच्या जागी इंदुमती फाळके.
झाशीपासून इथवर. वाटेत तीन मुक्काम.
शेजारच्या सीटवर
पट्टा लावलेली स्वयंपाकाच्या भांड्यांची पेटी.

गेली किती वर्षं त्या गाडीच्या मागे उभ्या राहायच्या,
पदर खोचून, हात हलवत,
येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, बस्स!
आणि फाळके प्रत्येक वेळी एक वीत जास्त घ्यायचे.

आता गाडी उलटी घ्यायची होती.
काच खाली करून त्या नुसत्या बसून राहिल्या.
इंजिन चालू.

मग आम्ही सगळे धावलो. धावलो म्हणजे
गुडघ्यांना जमेल तसे.
येऊ द्या, भांबळ म्हणाले. थांबा, तेलंग ओरडले.
उजवी मारा! अहो, तुमची उजवी का त्यांची?
हमीदाबी पावट्यांची सुपली घेऊनच आल्या
आणि सुपलीनेच रस्ता दाखवू लागल्या,
पावटे सांडत.
अकरा चौकोनांतली झाडून सगळी माणसं
एका टेललाइटच्या उजेडात लाल झाली होती.

गाडी एक वीत जास्तच आली.
पेरू वाकला. मोडला नाही.

रात्री त्यावर कोणी बोललं नाही.
पिठलं झालं, भाकऱ्या झाल्या,
इंदुमतीबाईंनी रमीत सगळ्यांना धुतलं
आणि सिंहगडावरच्या टॉवरचा दिवा बघत म्हणाल्या,
थंडी कमी आहे नाही यंदा?
आम्ही शाली आवळत म्हणालो, हो, कमीच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ह्यांना म्हटलं,
किल्ली द्या.
का, म्हणून त्यांनी विचारलं नाही.
चष्मा पुसला, किल्ली दिली,
पायगुड्यांच्या पडीक खाचरात
गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

क्लच सोडला तशी गाडीला उचकी लागली.
आरशात एवढेसे दिसत होते,
मफलर, एक हात वर.
येऊ द्या, म्हणाले.

नीट ऐकू आलं नाही.
मी काच आणखी खाली केली.