खाल्ल्या मिठाला

दर रविवारी आदेरितू विचारतो,
"काय म्हणतायत माझे उंदीर?"
माझे म्हणतो. एकही पाहिलेला नाही त्यानं.

आवेइरूच्या मिठागरात फळ्यांची वाट संपते
तिथवर मी त्याची खुर्ची ढकलते.
ब्रेक लावते. पुढचं पाणी त्याचं.
वीस उन्हाळे त्यानं इथं लाकडी फावड्यानं मीठ ओढलं,
आणि पडला तो भलतीकडूनच,
शेजारणीच्या छपरावरून, मांजर उतरवताना.
(मांजर नंतर आपलं आपण उतरलं.)

मी पुन्हा सांगते, कारण पुन्हा ऐकायला त्याला आवडतं:
सिरिंजमध्ये असतं तोवर ते नुसतं पाणी.
त्यात धागे, एका केसाच्या जाडीत हजारो मावतील असे,
विस्कटलेले, एकमेकांची ओळख नसलेले.
मणक्यात तुटल्या जागी सोडले
की अंगातलं मीठ त्यांना भेटतं
आणि ते एकमेकांना धरतात, घट्ट होतात.
चिखलावर फळ्या टाकतो ना आपण, तसं.
नसेला वाटलं तर तिनं पलीकडे जावं.

"म्हणजे जखमेवर मीठच की,"
तो म्हणतो. दर वेळी. आणि दर वेळी हसतो.

या आठवड्यात सांगायला खरंच काही होतं.
चौतीस नंबरची उंदरीण, डाव्या कानाला खाच असलेली,
सहा आठवडे मागचे पाय ओढत होती ओल्या फडक्यासारखे.
मंगळवारी तिनं एक बोट टेकवलं.
गुरुवारी चार पावलं. वाकडी, पण पावलं.
डॉक्टर कितेरिया काही बोलल्या नाहीत,
चष्मा पुसत राहिल्या, स्वच्छ होता तरी.

"चार," आदेरितू स्वतःच्या गुडघ्यावर मोजतो,
जिथं त्याला बोट लागलेलं कळत नाही.
"मग आता कुठवर जाते ती?"

काय सांगू.
नस पलीकडे पोचली का, ते बाहेरून दिसत नाही.
कण्याचे पातळ काप काचेवर ठेवावे लागतात.
शुक्रवारी सकाळी. मीच.
हात आधी गरम करून घेतले होते.

तो बराच वेळ पाण्याकडे बघतो.
फ्लेमिंगो उभे आहेत एका पायावर,
दुसरा कुठं ठेवलाय ते त्यांना पक्कं ठाऊक.

मग खुर्चीतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून
बांधावरचं चिमूटभर मीठ उचलतो,
माझ्या तळहातावर ठेवतो.
"नाव काय होतं तिचं?"
"नावं ठेवत नाही आम्ही."
"मी ठेवलंय," म्हणतो,
आणि मला सांगत नाही.

सोमवारी पस्तीस नंबरचा पिंजरा उघडते.
हातमोज्याच्या आत
तळहात अजून खरखरतो.