बेबाकी दाखला

लग्नाला सात महिने झाले होते तेव्हा
भांडी विसळता विसळता तू सांगितलंस,
नळ मोठा सोडून, म्हणजे आकडा जरा बुडेल :
क्रेडिट कार्डावर एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
मी डब्याचं झाकण पुसत होते.
कोरडं झालं, तरी पुसत राहिले.

मग मीही माझं काढलं.
भावाच्या टेम्पोला जामीन राहिले होते.
टेम्पो खेड शिवापूरला कुणाच्या तरी शेडमध्ये,
भाऊ फोन उचलत नाही,
आणि पतसंस्थेची नोटीस अजून माहेरच्या नावाने येते :
कु. यामिनी शिवराम ढोबळे.
तू म्हणालास, कुमारी काय, वा.
आणि आपल्याला हसू आवरेना.
शेजारच्यांना वाटलं असेल, काय सुखाचा संसार.

धायरीतल्या दोन खोल्या. मधे दार नाही, पडदा.
भांडण झालं की मी आतल्या खोलीत जायचे
आणि पडदा ओढायचे जोरात.
पडदा काय ओढणार जोरात.
कड्या किणकिणायच्या, तुला चहा आठवायचा.

दुधाच्या खाड्यांच्या कॅलेंडरवर
मी रकाने आखले, तुझं आणि माझं.
व्याज तुझं जास्त, म्हणून आधी तुझं,
त्यासाठी बांगड्या माझ्या, सोनेतारण.
हिशेब बरोबर होता.
फक्त हळदीकुंकवाला हात पदराखाली ठेवायचे मी.
रात्री साड्यांना फॉल-बिडिंग, एकशेवीस रुपये नग.
शनिवारी तू भाड्याच्या बाईकवर
वाकड ते हिंजवडी, हिंजवडी ते वाकड.
धनंजय, नावाला तरी जाग, म्हणायचे मी,
आणि म्हणून झाल्यावर वाईट वाटायचं.

एकदा तू नवे बूट घालून आलास.
तीन दिवस बोलले नाही.
चौथ्या दिवशी केर काढताना पाहिलं,
पुढे कापूस कोंबलेला.
ऑफिसातल्या कुणाचे, एक नंबर मोठे.
मी कापूस बदलला, स्वच्छ घातला.
तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

रविवारी मात्र आपण श्रीमंत.
रावेत, मोशी, उंड्री, जिथे फलक लागेल तिथे,
एसी फुकट, कॉफी फुकट,
बजेट विचारलं की तू बेधडक ऐंशी लाख सांगायचास.
सॅम्पल फ्लॅटला आत दारं नसतात,
हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.
जागा मोठी दिसावी म्हणून काढून ठेवतात.
पलंगही आखूड. टायवाला मुलगा वळला
तसा तू आडवा झालास,
ते बूट घातलेले पाय वीतभर बाहेर.

टेम्पोचे हप्ते तू भरलेस, एक अक्षर न बोलता.
पण दोन वर्षं भाऊबीजेला
तुला नेमकं काम निघालं.
मी एकटी गेले. ओवाळलं.
तेही कुठल्या रकान्यात लिहिलं नाही.

कधीतरी तुझं-माझं लिहायचं राहून गेलं.
ठरवून नाही, उगाच मोठेपणा नको.
कॅलेंडर बदललं, नव्यावर रेघा ओढायचा कंटाळा आला.

काल पतसंस्थेतून दाखला मिळाला.
आडनाव धोबळे छापलंय.
खाली गोल शिक्का, आणि हाताने लिहिलेलं :
बाकी निरंक.
बाहेर येऊन उसाचा रस घेतला, एक फुल, दोन ग्लासांत.
सवयीने. दुसरा मागवता आला असता,
हे संपल्यावर लक्षात आलं.
तू तोंड पुसून म्हणालास, मग? बाकी काय?
आणि मला खरंच काही सुचेना.
साडेचार वर्षं आपण दुसरं बोललोच कुठे होतो.

येत्या रविवारी पुन्हा जायचंय,
या वेळी खरा आकडा घेऊन.
पुन्हा कर्जच, वीस वर्षांचं,
पण दोघांच्या सह्या पहिल्या पानापासून.
तू भिंती ठोकून बघ, कार्पेट एरिया विचार.
मी त्या टायवाल्या मुलाला एवढंच विचारणार आहे,
खऱ्या घराला दारं बसवून देता ना?
एक तरी द्या.
चांगलं जाड.
कधीतरी आपटायला लागेल.