सहावं रीळ

घ्या लिहून, हेमांगीताई.
लीलाधर, तुम्हीही. कागद नसेल तर एसटीच्या तिकिटामागे.
चांगल्या सिनेमांची यादी कुणीही देईल.
मी भुसावळला, हस्तीमलशेठच्या ऑफिसात,
बावीस वर्षं पेट्या भरल्या.
चालणारा सिनेमा हाताखालून धावत जायचा,
त्याची ओळखच व्हायची नाही.
ओळख झाली परत येणाऱ्यांशी.
शुक्रवारी गेला, सोमवारी पार्सलनं दारात,
पेटीवर खडूची फुली,
कधी फुलीखाली शिवी.

तर 'पावणेतीन'.
मराठी, काळापांढरा, जळगावात चार खेळ.
एक घड्याळजी. गिऱ्हाईक येत नाही.
येतच नाही.
शेवटी येतं, ते पट्टा बदलायला.
चोपड्याच्या थेटरमालकानं चिठ्ठी धाडली होती:
'यापरीस पडदा कोरा ठेवला असता.'
चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे.
सिनेमा तिच्याहून थोडा बरा आहे.

मग 'भूतों की यूनियन'.
बंद गिरणीतली भुतं संपावर जातात,
म्हणतात, आधी थकबाकी, मग घाबरवणं.
सांगाडा चालतो तेव्हा चपलेचा आवाज येतो,
ते सोडून द्या.
एक भूत जेवणाचा डबा उघडतं
आणि भाकरीतून वाफ निघते.
तिथे हसू नका.
मी हसलो होतो पहिल्यांदा, अजून लाज वाटते.

आणि 'काँच का कुआँ'. हा नीट ऐका.
विहिरीवर एक बाई वाट बघते. कोणाची, ते सांगत नाहीत.
मे महिना होता, फैजपूरला तंबू लागलेला,
रात्री दहालाही कनातीला हात लावला तर चटका.
केळीच्या गाड्या भरून आलेली माणसं,
अंगाला चिकाचा वास, पुढच्या रांगेत पोरं घोंगडीवर.
मशीनवर फत्तू तडवी.
पेटी मी भरलेली.
पाचवं रीळ संपलं, सहावं लागलं,
आणि विहीर गेली, गिरणी आली,
लाल झेंडे घेऊन भुतं चालू लागली.

मी तिथेच होतो, वसुलीला.
घाम कुठून कुठे गेला सांगता येत नाही.
फत्तू खिडकीतून माझ्याकडे बघतोय,
मी फत्तूकडे.
आता खुर्च्या उडणार.
पण खुर्च्या नव्हत्याच, आणि कोणी हललंही नाही.
अकरा मिनिटं भुतांनी थकबाकी मागितली.
डबा उघडला. वाफ आली.
मग सातवं रीळ: विहीर, बाई, आणि बाई रडतेय.
मागून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली,
'तिच्या घरचे व्हते ते. म्हनून रडू राह्यली.'
सगळ्या तंबूला पटलं.
मला पटलं.
फत्तूनं दुसऱ्या खेळालाही तेच रीळ लावलं,
मी अडवलं नाही.

पगारातून अकरा रुपये कापले शेठनं.
मिनिटाला रुपया.

पुढं खरं सहावं रीळ पाहिलं मी.
लग्नातलं गाणं आहे. फेटे, फवारा, हत्ती.
बाई त्यानंतर रडते ती उगाच रडते.

दोन्ही प्रिंटा किलोवर गेल्या, शेठ गेले,
फत्तू यावलला असतो, त्याला आता दिसत नाही,
पण विचारलं तर म्हणतो, वाफ आठवते.
लीलाधर, तुमचा भाचा म्हणे
काहीही शोधून काढतो मोबाईलवर.
सापडलेच दोन्ही, तर एवढं करा:
विहिरीत बादली पडल्याचा आवाज आला की थांबवा.
दुसरा लावा, भोंगा वाजतो तिथपासून
डबा मिटतो तिथपर्यंत.
मग परत विहिरीवर या.
मधे चहाला उठू नका.
आणि बघून झाल्यावर मला येऊन सांगू नका
की दिग्दर्शकाच्या मनात असं नव्हतं.

चौथा होता एक, नाव आठवत नाही.
त्यात उंट होता.
उद्या सांगतो.