पाच किलोचा रवा

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
तुळईच्या हुकाला आमचा काटा लटकतो.
खाली निळी झोळी, चड्डीसारखी, दोन भोकांची.
पोरं ती बघूनच सूर लावतात.
हौसाक्का खुळखुळा वाजवते,
मी डोळे काट्याच्या रेषेत आणते.
वरून बघायचं नाही, खालून बघायचं नाही.
झबलं काढा, मनगट्या काढा.
करदोडा आजी सोडू देत नाही,
त्याचे ग्रॅम मी मनातच वजा करते.

दारात बायकांचं बोलणं उसाचं.
“औंदा बी काट्यानं खाल्लं बघ.
भायेर वजन करून नेला, आत भरला कमी.”
“भांडला न्हाईसा?”
“भांडलो की. कुणाशी, काट्याशी?”

शर्वरी चौगले. चौदा महिने.
काटा म्हणाला, सहा किलो आठशे.
मागच्या महिन्यात सहा आठशे,
त्याच्या मागच्या महिन्यातही.
तक्त्यावर रेघ आडवी पडलेली,
पिवळ्या पट्ट्यात का होईना, पण पिवळ्यात.
“आमच्यात समदी बारीकच हाडाची,” आजी म्हणाली.
झोळीतून काढून मी तिला खांद्यावर घेतलं,
आणि हाताला ती सहा आठशेची वाटेना.

सोळा वर्षं उचलतेय.
हाताचं नोंदवहीत लिहीत नाहीत.

दुपारी सगळ्या गेल्यावर
हौसाक्काला गुऱ्हाळावर पाठवलं:
पाच किलोचा रवा आण, मोजून आण.
कापडासकट ऊन ऊन घेऊन आली,
कडेवर, लेकरासारखा.
झोळीत बसवला.
रवा रडला नाही, पाय झाडले नाहीत,
काटा निवांत थांबला:
पाच किलो तीनशे.

काढला. पुन्हा घातला. पाच तीनशे.
“वर गूळ दिला असंल त्यानं,” हौसाक्का म्हणाली,
आणि आम्ही दोघी हसलो,
कारण गावात कुणी कुणाला वर तीनशे ग्रॅम देत नाही.
गल्लीतल्या वाण्याच्या तराजूवर नेला,
तिथं पाच. पाचच.

रिकामी झोळी होती शून्यावर चोख.
दर वेळी बघितलं होतं मी, शपथ.
स्प्रिंग दमली होती.
दमलेली स्प्रिंग थोड्या ओझ्यानं जास्त वाकते,
आणि जास्त वाकली की वजन जास्त दिसतं.
किती महिने, कोण सांगणार?
भिंतीवर चौकटीत अभिनंदनाचं पत्र:
केशरी पट्ट्यात एकही बालक नाही.

पर्यवेक्षिका मॅडमना फोन केला.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला.
मग, “नवीन काट्याची मागणी लिहून द्या.
आकड्यांचं… बघू.”

आकड्यांचं मी बघितलं नाही.
संध्याकाळी चौगल्यांच्या उंबऱ्यात बसले,
आधी चहा घेतला, मग सांगितलं.
शर्वरीची आई भाकरी थापत होती,
हात थांबला.
“म्हंजे ह्यो काटा बी मारत हुता व्हय?
तिकडं कमी दावून, हितं जादा दावून?”
मला म्हणायचं होतं, नाही, हे तसं नाही.
तव्यावरची भाकरी करपायला लागली,
ती मीच उलटली.

गुरुवारी एसटीनं सीपीआरला गेलो तिघी.
तिथला काटा विजेचा, ना हुक ना झोळी.
शर्वरी थंड पत्र्यावर बसली
आणि लाल आकडे थरथरत थरथरत थांबले:
सहा चारशे.
डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टी लावली,
मग कागद पुढे ओढला, “चौदा दिवस राहाल ना?”
आई म्हणाली, “ऊस तुटायचाय अजून.”
मग म्हणाली, “ऱ्हातो.”

परत येऊन मी ठिपका दिला, केशरीत.
त्या रात्री आणखी नऊ ठिपके हलवले.
मुल्लाणींचा अरमान हिरव्यातून पिवळ्यात आला,
हे त्याच्या आईला अजून सांगायचंय.

रवा तसाच आहे. हौसाक्का फोडू म्हणत होती,
पोरांच्या शिऱ्यात घालू.
मी नको म्हटलं.
पत्र्याच्या डब्यात ठेवलाय, डबा पाण्याच्या परातीत,
मुंग्यांनी एक कण नेला
तरी चालणार नाही आता.